आठ दिवस वाळणारा स्वेटर

बाईंनी स्वेटरची बाही उलटी केली, शिवण वर धरली आणि खांद्यापासून मनगटाकडे अंगठा सावकाश सरकवत नेला. कोपराच्या थोडा खाली अंगठा थांबला. परत मागे गेला, पुन्हा खाली आला आणि त्याच जागी थांबला.

"काय झालं?" तिने विचारलं. "कसर लागलीय?"

"छे. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्याला कसर कुठली. हा चांगला अंगावर झिजवलेला आहे." स्वेटर परत न देता बाईंनी तो आपल्याच मांडीवर पसरला. "तू आज मुंढ्याचे टाके कमी करणार होतीस ना? कर. मी हा जरा बघते."

ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. विणकामाचा वर्ग दर रविवारी सकाळी लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली इस्त्रीची यंत्रं चालायची आणि फरशीतून ऊब वर यायची. निम्म्या जणी माझ्याकडे येतात आणि निम्म्या इस्त्रीकडे, असं बाई म्हणायच्या. बाईंनी बत्तीस वर्षं लहान मुलांना शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची शाळा सुटली नव्हती. मफलर विणणारी पहिलीत, टोपी विणणारी दुसरीत, मोजे जमले की तिसरी. मोठ्या बाईचा पूर्ण स्वेटर म्हणजे चौथी. लोकरीला कात्री लावायची परवानगी चौथी पास झाल्यावरच मिळायची.

ती सध्या चौथीत होती. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, म्हणून वर्गात तिला चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता, आणि यावरचे सगळे विनोद पहिल्या दोन महिन्यांतच करून झाले होते.

स्वेटर ती स्वतःसाठीच विणत होती. आधी नमुन्याचा चौकोन विणून टाके मोजले होते. एका इंचात पाच बसत होते. छातीच्या मापात दोन इंच सैल धरून पाठीसाठी शंभर टाके घातले होते. चार सुलट, दोन उलट, पुन्हा चार सुलट. त्या उभ्या पट्ट्या आठवणीतून घेतल्या होत्या. लहानपणी तिचा एक हिरवा स्वेटर होता, त्याला अशाच पट्ट्या होत्या. पाठ पूर्ण झाली होती आणि पुढचा भाग मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या जागेपर्यंत, आला होता, तेव्हा काल संध्याकाळी तो हिरवा स्वेटरच सापडला. मलमलच्या फडक्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. मावशीच्या ट्रंकेत, अगदी तळाशी.

"तुझा आहे," मावशी म्हणाली होती. "घेऊन जा. मी कुठे ओझी वाहू?"

मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, मावशी घरात आली तेव्हा सात. आई म्हणायला ती तयार नव्हती आणि बाबांना आणखी काही सुचलं नाही, म्हणून मावशी. तेवढ्यावर एकोणचाळीस वर्षं निघाली. बोलणं कामापुरतं, वाद कधीच नाही. "जेवण झालं का?" "औषध घेतलं का?" मावशीची वाक्यं सहसा अशीच असत, कुणालाही विचारता येतील अशी.

बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. आता पंचवीस तारखेला मावशी दुसऱ्या गावी आपल्या भाच्याकडे राहायला जाणार होती. भाच्याच्या घरी गच्चीवर एक खोली रिकामी होती. जिना चढावा लागणार होता आणि मावशीचे गुडघे दुखायचे, पण भाच्याची बायको स्वभावाने चांगली होती म्हणे. तिकीट चष्मेवालीनेच काढून दिलं होतं, खिडकीजवळचं. मावशीला जा असं कुणी म्हटलं नव्हतं. राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"आईनं विणला का गं?" शेजारच्या नर्सने हिरव्या स्वेटरकडे बघत विचारलं. नर्स दुसरीत होती. तिची टोपी गेले पाच आठवडे टोपीच्या अलीकडे थांबली होती.

"हो. तिच्या शेवटच्या थंडीत. मी बारा वर्षांची होईपर्यंत घातला."

"सहाव्या वर्षीचा स्वेटर बारापर्यंत?"

"मी काटकुळी होते. आणि आईने पुढचा विचार करून मोठाच विणला होता." हे वाक्य तिने आजवर इतक्यांदा सांगितलं होतं की ते आपोआप बाहेर आलं. "मला दर वर्षी बरोब्बर यायचा."

"माझी आई मला दर वर्षी बरोब्बर ओरडायची," समोर मफलर विणणारी बेकरीवाली म्हणाली. "आपापलं नशीब."

"खिसे मात्र राहिले नाहीत त्याचे," ती म्हणाली. "पुढे दोन मोठे खिसे होते. एकात मी शाळेतला खडू ठेवायचे. एका वर्षी मावशीने धुवायला घेतला आणि परत आला तो बिनखिशाचा. फाटले होते म्हणाली. फाटले नव्हते."

"विचारलं नाहीस?"

"आठ वर्षांची होते. रडले. बाबा म्हणाले, खिशांवरून कोणी रडतं का."

"आणि धुवायचं म्हणजे तरी काय," ती जरा वेळाने म्हणाली. सुई चालूच होती. "थंडी सुरू झाली की तो धुवायला जायचा तो आठ दिवस. दर वर्षी. मी शाळेत कुडकुडायचे. वाळला नाही अजून, वाळला नाही अजून. बाबांची जाड पँट दोन दिवसांत वाळायची. माझ्या मैत्रिणी चिडवायच्या, तुमच्याकडे ऊन आठवड्यातून एकदाच येतं का गं."

बेकरीवाली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाहीकडे.

"चष्मेवाली, तुझं कामाचं भिंग आहे का जवळ?"

भिंग तिच्या पर्समध्ये कायम असायचं, काचेवरचा ओरखडा बघायचं. ती ते घेऊन बाईंजवळ गेली.

"बस. आणि वाच."

"काय वाचू?"

"बाही. वरून खाली. या पट्टीवर बोट ठेव आणि पट्टी सोडायची नाही." बाईंचा आवाज शिकवतानाचा झाला होता. हळू आणि सरळ, उत्तर स्वतः न सांगता वाट बघणारा.

तिने सुलट टाक्यांच्या एका पट्टीवर बोट ठेवलं आणि ती खाली येऊ लागली. टाक्यावर टाका नीट बसला होता. कोपराच्या खाली, बाईंचा अंगठा थांबला होता तिथे, पट्टी किंचित बाजूला सरकली. तुटली नव्हती. फक्त सरकली होती.

"हलली," ती म्हणाली.

"किती?"

तिने भिंग लावलं. "अर्धा टाका."

"दुसरी पट्टी बघ."

दुसरीही अर्धा टाका. तिसरीही. बाहीच्या गोलाईभर सगळ्या पट्ट्या एकाच ओळीत अर्ध्या टाक्याने सरकल्या होत्या.

"चुकली असेल आई," ती म्हणाली. "आजारी होती तेव्हा."

"चूक एका जागी होते. गोल फिरून स्वतःला येऊन मिळत नाही." बाईंनी तिचं बोट धरून बाहीच्या टोकाला नेलं. "आता मनगट. ही कड कसली? टाके घातल्याची की बंद केल्याची?"

हे ती मागच्याच महिन्यात शिकली होती. घातलेल्या टाक्यांची कड दोरीसारखी दिसते, बंद केलेल्यांची वेणीसारखी, एकात एक अडकलेली.

"बंद केल्याची."

"बाही सुरू कुठून करतात?"

"मनगटापासून. टाके घालायचे आणि वर खांद्याकडे जायचं."

"मग इथे बंद केलेले टाके काय करतायत?"

तिने कड पुन्हा बोटांत धरली. बाईंनी घाई केली नाही. खाली इस्त्रीच्या यंत्राने एक लांब वाफ सोडली आणि फरशी थोडी थरथरली.

"वरचा भाग तुझ्या आईचा," बाई शेवटी म्हणाल्या. "घट्ट हात आहे, एकसारखा. खालून वर गेलाय. मग कोणी तरी इथे एक टाका कापला, धागा ओढून मनगटाचा पट्टा वेगळा केला, उघडे टाके सुईवर घेतले आणि खालच्या दिशेने विणायला सुरुवात केली. बाही लांब करायची हीच रीत आहे. पण दिशा बदलली की टाका अर्ध्याने सरकतो. हात कितीही हुशार असू दे, ते टाळता येत नाही. म्हणून तर सापडलं. बाकी काही सापडू दिलेलं नाही."

"म्हणजे?"

"हा दुसरा हात मुळात सैल आहे. या पहिल्या चार ओळी बघ, टाके मोठे आहेत. मग लहान होत जातात. पुढे तर तुझ्या आईच्या हातापासून वेगळे काढता येत नाहीत." बाईंनी त्या ओळींवर नख टेकवलं. "वर्गात पोरं दुसऱ्याचं अक्षर काढायला बघतात ना, पहिल्या दोन ओळींत पकडली जातात. नंतर हात बसतो."

नर्सने सुया खाली ठेवल्या होत्या. "मग आईनंच वाढवली असेल की नंतर."

"नंतर आई नव्हती," ती म्हणाली.

तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, आता कुणी सांगण्याची वाट न बघता. सरकलेल्या रेघेखाली बोटभर हिरवा पट्टा वरच्यासारखाच होता. त्याच्याखाली दोन बोटं लोकर वेगळी दिसत होती. रंग तोच, पण धागा सरळ नव्हता. बारीक नागमोडी होता.

"ही कुरळी का आहे?"

"आधी एकदा विणलेली असणार. उसवून पुन्हा विणली की धाग्याला आधीच्या टाक्यांची आठवण राहते. धुतली तरी थोडी राहतेच." बाईंनी बाही बोटांत चोळली. "रंग अगदी तोच आहे. बाजारातून आणलेली नाही ही. याच स्वेटरातून कुठून तरी काढलेली आहे."

तिने स्वेटर ओढून घेतला आणि पुढचा भाग उताणा केला. खाली डावीकडे आणि उजवीकडे दोन चौकोन होते. बाकीचा हिरवा उन्हाने उतरला होता, चौकोनांतला थोडा गडद राहिला होता. तिने डाव्या चौकोनावर हात ठेवला. लहानपणीचा हात तिथे आत जायचा. आता तळवा चौकोनाच्या चारी बाजूंनी बाहेर आला.

कुरळ्या पट्ट्याखाली आणखी एक, सगळ्यात रुंद पट्टा होता. त्याची लोकर सरळ होती आणि रंग जरासा निळसर, शोधूनही पूर्ण न जुळलेला. मग मनगट. तीन पट्टे. घेरालाही खाली तसेच तीन.

आणखी एक गोष्ट तिला आठवली, ती तिने वर्गात सांगितली नाही. मावशी आली त्या पहिल्या थंडीत मावशीने तिच्यासाठी दुकानातून लाल स्वेटर आणला होता. तिने तो शाळेच्या बाकावर तीनदा विसरून ठेवला. तीनदा शिपायाने घरी आणून दिला. चौथ्यांदा मावशीने तो कपाटातून बाहेर काढलाच नाही. त्यानंतर हिरवा स्वेटर पहिल्यांदा आठ दिवस धुवायला गेला.

मावशीच्या हातात सुया तिने कधी पाहिल्या नव्हत्या. पण ती स्वतः दहा वाजता शाळेत जायची आणि पाच वाजता परत यायची.

ती आपल्या खुर्चीकडे गेली. विणत असलेला पुढचा भाग उचलला, सुई टाक्यांतून ओढून बाहेर काढली आणि धागा खेचायला लागली.

"अगं अगं अगं!" बेकरीवाली उठली. "वेड लागलं का? दीड महिना घालवलास त्याच्यावर!"

"बाई, थांबवा तिला," नर्स म्हणाली. "मला बघवत नाहीये."

बाईंनी थांबवलं नाही. एक रिकामी खुर्ची तिच्यापुढे सरकवली आणि खुर्चीची पाठ तिच्याकडे केली. "पाठीच्या दांड्यांवर गुंडाळ. गुंता झाला तर चौथी नापास."

टाके एकामागोमाग टक टक सुटत गेले. पुढचा भाग संपल्यावर तिने स्वेटरची पूर्ण झालेली पाठही घेतली, वरचे बंद केलेले टाके सोडवले आणि तीही उसवली. बेकरीवालीने तोंड दुसरीकडे केलं. खुर्चीच्या दांड्यांवर कुरळ्या लोकरीची जाड लडी जमली. मग तिने खाली राहिलेला गुंडा उचलला, कुरळी धुवून सरळ होईपर्यंत सुरुवातीला म्हणून त्यातली न वापरलेली लोकर सुईवर घेतली आणि बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"किती टाके घालू?"

"छातीचं माप काय?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "कधी घेतलं नाही."

बाईंनी खिशातून गुंडाळलेली टेप काढली आणि तिच्या हातात दिली. "मग इथे काय उभी आहेस?"

मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खोकी एकावर एक रचली होती आणि प्रत्येकावर मावशीने जाड पेनने लिहिलं होतं. भांडी. औषधं. यांचे कपडे. मावशी स्टुलावर बसून चौथ्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती.

"तू? आज वर्ग नाही का?"

"होता. उठतेस जरा?"

"चहा ठेवू?"

"नको. हात बाजूला कर. दोन्ही."

मावशी उठली आणि हात बाजूला करून उभी राहिली. डॉक्टरांकडे उभी राहते तशी, काही न विचारता. तिने टेप काखेखालून मागे नेली आणि पुढे आणून जुळवली. इतक्या जवळून मावशी तिला वाटत होती त्यापेक्षा लहानखुरी होती. टेबलावर पंचवीस तारखेच्या तिकिटाचं पाकीट पडलं होतं. दुसरा कागद दिसेना, म्हणून तिने त्याच पाकिटावर तेहतीस लिहिलं. मग खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली आणि त्याखाली एकोणीस लिहिलं.

"कसलं माप?"

"स्वेटरचं."

"मला कशाला स्वेटर? तिकडे थंडी नसते म्हणे."

"इथे असते," ती म्हणाली.

मावशीने हात खाली घेतले. स्टुलावर बसली. तिचं लक्ष पिशवीतून बाहेर आलेल्या हिरव्या बाहीकडे गेलं. बाही अजून उलटीच होती. मावशीने हात लांब करून ती ओढून घेतली, आत हात घालून सुलट केली आणि मांडीवर सरळ केली. तिचं बोट कोपराच्या खाली त्या रेघेपाशी आपोआप थांबलं. शोधावं लागलं नाही.

"भिंग लावून बघितलंस वाटतं."

"बाईंनी दाखवलं."

"हुशार दिसते तुझी बाई." मावशीने रेघेवरून बोट फिरवलं. "एवढी एक काही केल्या जाईना. चार वेळा उसवून बघितली."

बाहेरून एक सायकल गेली. ती उभीच होती, टेप बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत.

"खिसे," ती म्हणाली.

"हं. त्या वर्षी त्या रंगाची लोकर कुठेच मिळाली नाही." मावशीने बाहीची घडी घातली. "खडू ठेवलाय मी. कपाटात कुठे तरी असेल. आता कुठल्या खोक्यात गेला कोण जाणे."

ती खोक्यांकडे बघत राहिली.

"तू बाह्या कुठून सुरू करणार आहेस?" मावशीने विचारलं.

"मनगटापासून. बाईंनी तसंच शिकवलंय."

"नको. खांद्याकडून सुरू कर आणि खाली येत जा. म्हणजे कापावं लागत नाही. लांबी हवी तेव्हा वाढवता येते."

"बरं."

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने. जास्तच. सगळं उसवलंय मी."

"आणि धुवायला?"

"आठ दिवस," ती म्हणाली.

टेबलावरचं पाकीट उचलून मावशीने डोळ्यांपासून लांब धरलं आणि त्यावरचे आकडे वाचले.

"एकोणीस कसे? साडेअठरा असेल. टेप सैल धरलीस तू," ती म्हणाली, पाकीट खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "परत घे."